दुहेरी काना

मे महिना उतरणीला लागला की राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढं तीच ती गर्दी दिसायला लागते. काखेत प्लास्टिकची फाईल, फायलीत गुणपत्रिका, दाखले, जास्तीचे दोन फोटो. दुकानात पंखा असतो तो मशीनवर रोखलेला, माणसांवर नाही. रांगेतल्या मुली ओढणीनं वारा घेतात आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत राहतात. हा भरतीचा मोसम. हापूस बाजारात आल्याचं जसं वासावरून कळतं, तसा हा मला तापलेल्या कागदाच्या वासावरून कळतो. टायपिंगचा क्लास बंद करून मला पाच वर्षं झाली, तरी तो वास नाकात शिरला की बोटं आपोआप हलायला लागतात. आणि बोटांच्या मागोमाग राग येतो.

वयानं राग निवळतो म्हणतात. माझे बाकीचे निवळले. हा एक निवळलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो निवळू दिलेला नाही.

परवा त्याला निमित्त मिळालं. माझी भाची मृणाल पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला आणि तिच्या चार-पाच मित्रमैत्रिणींना जुने कीबोर्ड गोळा करायचा नाद लागलाय. जड, पिवळे पडलेले, खाली लोखंडी पत्रा असलेले, वीस-वीस वर्षांपूर्वीचे. भंगारवाल्याकडून आणायचे, धुवायचे, आणि मग आतल्या कळा कुठल्या जातीच्या ते ओळखायचं. वरची टोपी काढायची, दांडीचा रंग बघायचा, आवाज ऐकायचा, खालचे तारेचे पाय मोजायचे. ओळखता आली नाही की फोटो काढून जगभरच्या अनोळखी माणसांना विचारायचं. तिनं मला मेलवर असाच एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, मावशी, ही कुठली ते कुणालाच सांगता येईना, आम्हाला तर कोडंच पडलंय, तू एवढी वर्षं क्लास चालवलास, बघ ओळखू येते का.

फोटोत एक कळ होती. राखाडी दांडी, चुलीतल्या विझलेल्या राखेसारखी. वर मधोमध उभी खाच. अंगावर कुठंही नाव नाही, आकडा नाही.

मी ओळखली. त्या कळीपायी आमचा एक अख्खा जून महिना गेला होता, आणि तो आमचा छंद नव्हता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझा क्लास राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर, वर पत्रा. एका भिंतीला सहा टाईपरायटर, समोरच्या भिंतीला चार कॉम्प्युटर. दुपारी पत्रा तापायचा, रिबिनीच्या शाईचा वास दाटायचा, आणि टाईपरायटरची खडखड थांबली की मधूनच कॉम्प्युटरच्या कळांची टकटक ऐकू यायची. मुलींना त्या टकटकीचं फार आकर्षण. जगातली सगळी पगारी नोकरी त्या आवाजाच्या पलीकडं आहे असं त्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

त्यात सुनंदा होती. कुरुंदवाडची, बावीस वर्षांची. घरी आईशी कानडी, बाजारात मराठी, आणि दोन्हीत सारखीच सडेतोड. वडलांना ती अप्पा म्हणायची. अप्पांचा नदीकाठी भाजीचा मळा. पहाटेच्या एसटीनं ती कोल्हापूरला यायची, दहा ते अकरा माझ्याकडं बसायची आणि परत जायची. घरी सरावाला मशीन नव्हतं. तिनं पुठ्ठ्यावर कळफलक काढला होता, चौकोन चौकोन आखून, आणि रोज संध्याकाळी त्या पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राचा अग्रलेख टाईप करायची. आवाज नाही, अक्षर नाही, नुसती बोटं. दीड वर्ष. तिची आई म्हणायची, ही पोरगी पुठ्ठ्यावर काय निवडत बसतीया कुणास ठाऊक. माझ्याकडं मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगानं ती एकही चूक न करता पान उतरवायची. लिपिकाच्या परीक्षेला तीसचा वेग पुरे असायचा.

मराठी टायपिंग ज्यांनी केलं नाही त्यांना इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या कळफलकावर काना नुसता कान्यासाठी नसतो. ध, भ, श, ण, ख, थ ही अक्षरं अर्धी छापायची आणि कान्याची कळ दाबून पुरी करायची. म्हणजे अर्धा ध आणि काना मिळून ध होतो. त्यामुळं सगळ्या फलकावर सगळ्यात जास्त मार खाते ती कान्याची कळ. उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली ती असते, आणि सगळ्यात आधी तीच झिजते.

त्या मे महिन्यात शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं कनिष्ठ लिपिकांच्या जागा काढल्या. लेखी परीक्षेत सुनंदा वरच्या नंबरात आली. मग टायपिंगची चाचणी, पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर. चाचणी देऊन ती सरळ क्लासात आली तेव्हा मी तिच्यासाठी उसाचा रस मागवून ठेवला होता. तिनं ग्लासाला हात लावला नाही. बाकावर बसली आणि आपल्या उजव्या हाताचं मधलं बोट बघत राहिली.

काना दोनदा उमटत होता, असं तिनं सांगितलं. दर वेळी नाही, पण दहातल्या सहा-सात वेळा. मागे जाऊन खोडायची कळ परीक्षेत बंद केलेली. तिनं हात वर केला. देखरेखीला असलेले साहेब आले, त्यांनी पडद्याकडं न बघताच गप टाईप कर म्हणून सांगितलं आणि पुढं गेले. मग ती हळू दाबून बघू लागली, मग जोरात, मग बोट बदलून. दहा मिनिटांची चाचणी. त्यातली चार मिनिटं त्या कळीशी भांडण्यात गेली.

आठवड्यानं फलकावर निकाल लागला. सुनंदापुढं नापास, कारण चुका मर्यादेपेक्षा जास्त.

मी तिला घेऊन त्या संस्थेत गेले. कासार साहेब म्हणून अधिकारी होते, परीक्षा त्यांच्याकडं होती आणि देखरेखीलाही तेच होते. पन्नाशीचे, पांढरा सफारी, टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो. वाईट माणूस वाटत नव्हता, हे मला आज जास्त टोचतं. त्यांनी सुनंदाचा छापील कागद काढून समोर ठेवला. लाल पेननं भरलेला. उतारा धरणाच्या पाण्यावर होता. मी वाचायला लागले आणि माझी कानशिलं तापली. जिथं जिथं 'धरण' हवं होतं तिथं तिथं 'धारणा' उमटलं होतं. 'भर'चा 'भार' झाला होता. अर्धा ध, मग दोन काने. अर्धा ण, मग दोन काने. सबंध पानावर दुसऱ्या कुठल्याही अक्षराची एकही चूक नव्हती. मी त्यांना ते दाखवलं. ज्या बोटानं काना दाबतात त्याच बोटानं दुसरीही अक्षरं दाबतात, मग बोट फक्त कान्यालाच कसं चुकेल, असं विचारलं.

त्यांनी ड्रॉवरमधून पुरवठादाराचं पत्र काढलं. ह्या कीबोर्डमध्ये परदेशी, चुंबकीय जातीच्या कळा आहेत, त्यात धातूला धातू लागतच नाही, सबब अक्षर दोनदा उमटणं अशक्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. सही, शिक्का.

"यंत्र चुकत नाही बाई," ते म्हणाले. "चुकतात ती बोटं."

किती सभ्यपणे म्हणाले ते वाक्य. पंखा फिरत होता, काचेखालचे देव बघत होते, आणि दीड वर्ष पुठ्ठ्यावर घासलेली बोटं एका शिक्क्यानं खोटी ठरली. मी त्यांना म्हटलं, मग ते मशीन उघडून बघू. खासगी माणसाला हात लावता येणार नाही, असं ते म्हणाले. रस्त्यावर आल्यावर सुनंदा म्हणाली, "बाई, मी हात वर केलो होतो की. ते त्यांच्या कागदात कुठं हाय?"

आता माझ्याच गोष्टीकडं येते, कारण ह्या रागातला एक वाटा माझा मला ठेवायला हवा. त्या पुरवठादाराचं नाव पत्रावर वाचलं तेव्हाच मी ते ओळखलं होतं. वर्षापूर्वी त्याच्याकडूनच मी तीन कीबोर्ड घेतले होते. असेच जड, नाव खरवडून काढलेले, वर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या. त्यातला एक चार महिन्यांत काना दोनदा उमटवायला लागला. मी फोन केला. धूळ असेल, फुंकर मारा, असं उत्तर मिळालं. मी फुंकर मारली. मग 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून तो कपाटात ठेवून दिला आणि गप्प बसले. पत्र लिहिलं नाही, तक्रार केली नाही, दुसऱ्या क्लासवाल्यांना सांगितलं नाही. माझं काम तीन मशीनवर भागत होतं, एवढंच. माझ्यासारखी कितीजणं गप्प बसली असतील, आणि त्या सगळ्यांच्या गप्प बसण्यावर त्या माणसानं 'अशक्य' असा शब्द लिहून खाली शिक्का मारला.

क्लासात येऊन मी कपाट उघडलं. चिठ्ठी काढली. कीबोर्ड पिशवीत घातला आणि आम्ही दोघी लक्ष्मीपुरीत भूपाल अण्णांकडं गेलो.

अण्णा टाईपरायटर दुरुस्त करायचे. तीस वर्षं कोल्हापुरातल्या निम्म्या कचेऱ्यांची मशीनं त्यांच्या हाताखालून गेलेली. टाईपरायटर मरायला लागले तसे लोक त्यांच्याकडं कीबोर्ड आणून टाकू लागले, आणि अण्णा ते उघडून बघू लागले. इंग्रजी नावं त्यांना ठाऊक नव्हती आणि कळांच्या अंगावर बहुतेकदा ती नसायचीही. त्यांनी आपली नावं ठेवली होती. दुकानात एक फळी होती, तिच्यावर प्रत्येक जातीची एकेक कळ बसवलेली आणि खाली पेन्सिलीनं नाव. काळी, बारीक ती मिरी. तपकिरी, चपटी ती चिंचोका. आत स्पंजाची चकती असलेली ती गादीवाली. आत काचेची नळी आणि शेजारी चुंबक असलेली ती काचनळी. मृणालला आणि तिच्या मित्रांना मी ह्या फळीबद्दल लिहिलं तेव्हा त्यांना फार मजा वाटली. अण्णांना मजा वाटत नव्हती. कुठल्या जातीला कुठला रोग होतो हे कळावं म्हणून ते जाती लावत होते, वैद्य नाडी बघतो तसे.

त्यांनी सुनंदाच्या केसातला आकडा मागून घेतला, वाकवला, आणि कान्याची टोपी अलगद वर ओढली. राखाडी दांडी. फळीवर तसली नव्हती. अण्णांनी चष्मा पुसला.

चुंबकीय असेल असं संस्थेचं म्हणणं आहे, एवढं मी सांगितलं. अण्णा हं म्हणाले. नातवाच्या शाळेच्या पेटीतलं होकायंत्र काढून त्यांनी कळीशेजारी ठेवलं आणि कळ दाबली. सुई जागची हलली नाही. पुन्हा दाबली, दुसऱ्या बाजूनं ठेवून दाबली. सुई उत्तरेला तोंड करून बसलेली. मग कीबोर्ड पालथा घालून, पत्रा सोडवून, त्यांनी खालचे झाळलेले, म्हणजे सोल्डर केलेले, पाय मोजले. दोनच. चुंबकावर चालणाऱ्या दुसऱ्या एका जातीला तीन-चार पाय लागतात असं त्यांनी सांगितलं. आणि दोन पायांची असली तर काचनळी असायला हवी, मग सुई हलायला हवी. मग झाळ सोडवून त्यांनी कळ बाहेर काढली आणि दोन ब्लेडांनी तिचं झाकण उचकटलं.

आत दोन पातळ पितळी पात्या होत्या. दांडी वर असली की त्यांना एकमेकींपासून दूर धरायची, खाली गेली की सोडून द्यायची, आणि पात्या एकमेकींना लागायच्या. धातूला धातू. एका पातीवर जिथं टेकत होती तिथं काळा ठिपका पडला होता आणि कडेला कापसाचा बारीक तंतू चिकटला होता. हा माल आधी कुठंतरी यंत्रमागाच्या कचेरीत राबलाय, असं अण्णा म्हणाले. इचलकरंजीच्या मशीनांत असला तंतू त्यांनी शेकडो वेळा बघितला होता.

"पत्र्याला पत्रा लागला की तो एकदा उडतोय," त्यांनी सुनंदाला समजावलं. "नवा असला तर उडणं एवढुसं, मशीनला समजत न्हाय. झिजला, काजळी धरली, की मशीनला वाटतंय दोनदा दाबलं. ह्यात लोहचुंबक न्हाय पोरी. त्या पत्रात लिवलंय ते खोटं हाय."

सुनंदानं ती उघडी कळ तळहातावर घेतली. दीड आठवड्यात पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा सुटलेला मी ऐकला. अण्णांनी नवीन जात फळीवर लावायला घेतली आणि खाली नाव काय लिहू असं विचारत 'चोरटी' म्हणून लिहू लागले. सुनंदानं त्यांचा हात धरला.

"तिला कशाला चोर म्हंता अण्णा? तिनं कुणाचंतरी जलमभर काम केलंय. झिजली. चोर तिचं नाव खरवडणारा."

अण्णांनी पेन्सिलीचं अक्षर पुसलं आणि 'राखी' लिहिलं.

पण ही आमची कळ होती. संस्थेची कळ अजून संस्थेतच होती, आणि उघडी कळ दाखवली तर कासार साहेब म्हणणार, ही तुम्ही कुठून आणली. अण्णांनी त्याच्यावर उपाय काढला. कळ पुन्हा मिटवून जागेवर झाळली आणि आम्ही तिघं तो कीबोर्ड घेऊन संस्थेत गेलो, अण्णांच्या पिशवीत झाळकामाची सळई. कासार साहेबांनी आधी नाही म्हटलं. मग अण्णांकडं बघितलं आणि थांबले. बावीस वर्षांपूर्वी ते टायपिस्ट होते आणि त्यांचं मशीन अण्णाच दुरुस्त करायला यायचे, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. अण्णांना त्यांच्या मशीनचा नंबरसुद्धा आठवत होता.

कीबोर्ड जोडला. अण्णांनी साहेबांनाच खुर्चीत बसवलं आणि स्वतःचं नाव टाईप करायला सांगितलं. त्यांनी जुन्या सवयीनं मनगटं उचलली आणि टाईप केलं. पडद्यावर उमटलं 'काासाार'. त्यांनी पुन्हा केलं. एकदा बरोबर आलं, मग पुन्हा दोनदा काना. मग अण्णांनी त्यांच्यासमोर सळई तापवली, कान्याची कळ काढली, शेजारच्या 'स'ची काढली, आणि दोघींची अदलाबदल करून त्या झाळल्या. पंधरा-वीस मिनिटं लागली. खोलीत राळेचा वास पसरला. आजूबाजूची टेबलं काम थांबवून बघत होती, शिपाई दारात उभा. साहेबांनी पुन्हा नाव टाईप केलं. आता काने नीट आले आणि 'स' दोनदा उमटला. 'काससार'.

"साहेब, बोट तुमचंच हाय," अण्णा म्हणाले. "चूक कळीबरोबर गेली."

कासार साहेबांनी शिपायाला सात नंबरच्या टेबलावरचा कीबोर्ड आणायला सांगितलं, चाचणीला सुनंदा बसली होती तो. तो पालथा घातला. पाठीवर नाव खरवडलेली तीच जागा. अण्णांनी आकड्यानं कान्याची टोपी ओढली. राखाडी दांडी.

हे परीक्षेच्या वेळीच का नाही सांगितलं, असं त्यांनी सुनंदाला विचारलं. मला वाटतं त्यांना खरंच आठवत नव्हतं. सुनंदा उभी होती, तिनं आवाज चढवला नाही.

"सांगिटलो होतो. हात वर केलो होतो. तुमीच आला होता आणि गप टाईप कर म्हणला."

त्यांची मान खाली गेली. मला त्यांची दया यायला हवी होती, नाही आली. आजही येत नाही. पडद्याकडं बघायला किती वेळ लागतो? मान वळवायची, एवढंच. ते तेवढं न बघताच पुढं गेले, कारण हात वर करणारी मुलगी चुकलेलीच असणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

आठ दिवसांनी सुनंदाची फेरचाचणी झाली, नव्या कीबोर्डवर. ती पास झाली. जुलैत रुजू झाली. गोष्ट इथं संपवायला हरकत नव्हती, अप्पांनी आमच्याकडं वांग्यांची करंडी पाठवली होती, अण्णांनी फळीवरच्या राखीपुढं तारीख घातली होती. पण फेरचाचणीच्या दिवशी मी कासार साहेबांना एक गोष्ट विचारली होती. चाचणी दोन दिवस चालली, रोज चार तुकड्या, म्हणजे त्या सात नंबरच्या टेबलावर आणखी सातजण बसले. त्यांचं काय?

त्यांनी फाईल मिटवली. "त्यांची तक्रार नाही," ते म्हणाले.

चार शब्द सुद्धा नाहीत. कित्येक वर्षं मी ते वाक्य घेऊन फिरतेय. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, ते मधेच आठवतं आणि हात थांबतो. तक्रार नाही. तक्रार कशी असेल? त्या सात जणांना कुणी कागद दाखवला? त्यांच्याकडं दुसरा कीबोर्ड होता, अण्णा होते, होकायंत्र होतं? ते घरी गेले असतील आणि आपल्याला जमत नाही असं घरच्यांना सांगून मोकळे झाले असतील. यंत्राच्या चुकीची तक्रार माणूस करतो. स्वतःच्या बोटांची तक्रार कुणाकडं करायची? पुरवठादाराला त्या संस्थेनं पुढं काय केलं ते मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याची जाहिरात मात्र मी वर्तमानपत्रात बघितली.

सुनंदाला पहिलं टेबल मिळालं ते आवक-जावक विभागात. महिन्याभरानं एका रविवारी ती क्लासात आली आणि पिशवीतून सात पोस्टकार्डं काढून माझ्यापुढं ठेवली. परीक्षेची बैठक-यादी तिच्या कपाटात होती. सात नंबरच्या टेबलावर बसलेली आठच्या आठ माणसं नापास झाली होती. तिनं बाकीच्या सात जणांचे पत्ते उतरवून घेतले होते. सगळ्या कार्डांवर सारखाच मजकूर, तिच्या गोल अक्षरात. टेबल क्रमांक सातवरची कान्याची कळ झिजलेली होती, हे तपासून सिद्ध झालं आहे, चूक तुमच्या बोटांची नव्हती. खाली पूर्ण नाव, गावाचं नाव, आणि उत्तरासाठी माझ्या क्लासचा पत्ता.

मी घाबरले. तिची नोकरी अजून कच्ची होती, कचेरीतले पत्ते असे बाहेर नेल्याचं कळलं असतं तर एका कागदानं ती घरी बसली असती. निदान खाली नाव घालू नको, असं मी तिला सांगितलं. तिनं कार्डं गोळा केली, त्यांच्या कडा जुळवल्या.

"बिननावाचं पत्र कोण खरं मानतंय बाई?" ती म्हणाली आणि खाली जाऊन पेटीत टाकून आली.

उत्तरं दोन आली, क्लासच्या पत्त्यावर. एकानं नुसतं आभारी आहे असं लिहिलं होतं. दुसऱ्यानं रागानं लिहिलं होतं की आता हे सांगून काय उपयोग, आणि मला त्याचा राग पटला. एक कार्ड पत्ता सापडला नाही म्हणून परत आलं. सुनंदाला कचेरीत कुणी काही विचारलं नाही. कदाचित कासार साहेबांना कळलं असेल आणि ते गप्प बसले असतील. तसं असेल तर त्यांच्या खात्यावर तेवढं एक मी मांडते.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी एक बाई क्लासचा जिना चढून आली. तिशीची, साधी साडी, हातात ते कार्ड. आजऱ्याहून आले, असं तिनं सांगितलं. नाव लता. नापास झाल्यावर तिनं टायपिंग सोडलं होतं आणि काजूच्या कारखान्यात जात होती. काजू फोडून तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती, टरफलातल्या तेलानं पडतात तशी, धुऊन न जाणारी. घरी तिनं सांगितलं होतं की माझी बोटंच आखूड आहेत. नवरा, सासू, सगळ्यांना ते पटलं होतं. तिलाही.

एक पान टाईप करून बघू का, असं तिनं विचारलं. मी तिला चांगल्यातल्या चांगल्या मशीनवर बसवलं आणि समोर उतारा ठेवला. ती आधी अडखळली. मग मनगटं सुटी झाली. त्या काळ्या बोटांचा आवाज हळूहळू एका लयीत आला आणि माझ्या बाकीच्या मुली आपापली मशीनं थांबवून ऐकू लागल्या. पान छापून झालं. मी लाल पेन हातात घेऊन ते दोनदा वाचलं. पेनचं टोपण काढायची वेळ आली नाही. खाली तसं लिहून द्या, असं ती म्हणाली. एकही चूक नाही, असं मी लिहिलं, सही केली, तारीख घातली. तिनं कागदाची घडी केली आणि कार्डाबरोबर ठेवली. चहा घेतला नाही, आजऱ्याची गाडी गाठायची होती.

अशी सात कार्डं गेली होती हे मी तिला सांगितलं होतं. दाराशी जाऊन ती थांबली. बाकीच्या सहा जणांस्नी पोचलं का, असं तिनं विचारलं. दोघांची उत्तरं आली आणि एक कार्ड परत आलं, असं मी तिला सांगितलं. तिनं मनाशी मोजलं.

"म्हंजे चौघं अजून आपलीच बोटं बघत बसली असतील," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.